लेकीचं गुप्त मतदान

आमच्या घरात कुठलीच गोष्ट लपून राहत नाही, याचं कारण आमची मोठी लेक. ती आता अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे, आणि खोटं बोलणं तिला अजूनपर्यंत जमलेलं नाही. एकदा माझी नणंद जेवायला आली होती. तिच्या ताटात वरण वाढता वाढता लेक म्हणाली, "आई म्हणते, आत्याच्या भाजीत तेल फार असते." नणंद हसली, पण त्या दिवशी तिनं दुसरी पोळी घेतली नाही.

आम्ही सगळे घरात मले-तुले, येऊन राहिलो-जाऊन राहिलो असंच बोलतो. लेक मात्र शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलते. सहाव्या वर्षी तोंड उघडलं, ते थेट छापील वाक्यांतच.

वस्तीतल्या बायकांचा एक बचत गट आहे. तिथं ती दुपारी जाते आणि चिवड्याची पाकिटं वजन करून बंद करते. गिऱ्हाईकानं "ताजा आहे ना?" असं विचारलं की ही सांगते, "हा मंगळवारचा आहे. आजचा त्या डब्यात आहे." बायका सुरुवातीला कपाळावर हात मारून घ्यायच्या. आता गिऱ्हाईकं आधी हिलाच विचारतात आणि मग घेतात.

मला सांगायचं आहे ते तिच्या पहिल्या मतदानाबद्दल.

माझे सासरे गिरणी कामगार. धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीतले. मतदानाच्या दिवशी ते सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचे आणि केंद्राचं दार उघडायच्या आधी रांगेत पहिले उभे असायचे. मत म्हणजे आपण माणूस असल्याची सही, असं ते म्हणत. अशा घरात मी सून म्हणून आले आणि एकही मतदान चुकवलं नाही. तरी लेक अठरा वर्षांची झाली तेव्हा तिचं नाव यादीत घालावं, हे मला सुचलं नाही. तिच्या बाबांनाही सुचलं नाही. ते वर्ष आमच्या डोक्यात अपंगत्वाचा दाखला नव्यानं काढायचं वर्ष होतं. त्याच धावपळीत ते गेलं.

पुढे धाकट्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि यादीचं काम करणाऱ्या एक शिक्षिका घरी आल्या. धाकटा टेबलाशी बसून फॉर्म भरत होता. लेक त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"माझा फॉर्म कुठे आहे?"

तिचे बाबा म्हणाले, "तुले काय करा लागते वं फॉर्म?"

"मतदान. अठरा वर्षं पूर्ण लागतात. मला सव्वीस पूर्ण आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच घाईघाईनं सांगायला लागले, "मॅडम, तिले ऑटिझम आहे, तिचं थोडं..." शिक्षिकाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून दुसरा फॉर्म काढला.

"त्यानं काही अडत नाही ताई. कोर्टानंच कोणाला असमर्थ ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. हिचा हक्क तर आठ वर्षांपासूनचा आहे."

आठ वर्षं! भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. त्या दिवशी मी तिकडे बघितलं नाही.

कार्ड आलं. त्यावरच्या फोटोत लेक कॅमेऱ्याकडे न बघता वर कुठेतरी बघते आहे. धाकटा म्हणाला, दुसरा काढू. ती म्हणाली, "हा बरोबर आहे. पंखा आवाज करत होता."

निवडणूक एप्रिलमध्ये होती. मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले. जोड्यांच्या खोक्याचं मशीन केलं, त्यावर बाटल्यांची निळी झाकणं चिकटवली आणि प्रत्येकापुढे एकेका फळाचं नाव लिहिलं. बटण दाबण्याचं काही कठीण नव्हतं. कठीण होता तो लांबलचक आवाज, जो मत पडल्यावर मशीन करते. कुकरची शिट्टी झाली तरी लेक गच्चीवर निघून जाते. मी तसाच आवाज मोबाइलवर शोधला आणि रोज एकदा वाजवायला लागले. पहिल्या दिवशी ती कान दाबून पळाली. तिसऱ्या आठवड्यात कान दाबून जागेवर उभी राहिली. तेवढं पुरे होतं.

दुसरी अडचण शाईची. नखाला ओलं काही लागलेलं तिला सहन होत नाही. लग्नकार्यात तिनं मेंदीसुद्धा कधी लावू दिली नाही. मी आगपेटीची काडी शाईत बुडवून आधी माझ्या बोटाला लावायची, मग तिच्या. तिच्या बाबांनाही रोज बोट पुढे करावं लागायचं. दुकानात लोक त्यांना विचारायला लागले, "काहो भाऊ, कुठं मत टाकून आले?"

शिक्षिकाबाईंनी मतदारांसाठीचं एक माहितीपत्रक दिलं होतं. ते लेकीनं इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या.

मतदानाच्या दिवशी ऊन चढायच्या आधी आम्ही चौघं शाळेत पोचलो, तरी रांग फाटकापर्यंत आली होती. दारावरच्या पोलीसबाईंना मी तिचं अपंगत्वाचं कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, "रांगेत कशाला, तुम्ही डायरेक्ट पुढे चला." लेक जागची हलली नाही. "रांग इथे आहे," ती म्हणाली आणि शेवटच्या माणसामागे जाऊन उभी राहिली. बाबा आणि धाकटा पुढे, मग ती, मग मी. पाऊण तास ती उभी होती. माझ्या मागचा माणूस मोबाइलवर मोठ्यानं काहीतरी बघत होता. तिनं दुपट्टा कानांवर गच्च बांधून घेतला, पण रांग सोडली नाही.

खोलीत तिचं नाव मोठ्यानं वाचलं गेलं. "हो, मी," ती म्हणाली. बोट पुढे केलं, मान दुसरीकडे वळवली, शाई लावून घेतली. मी श्वास सोडला. तेवढ्यात केंद्राध्यक्ष माझ्याकडे वळले. पन्नाशीपुढचे, शांत गृहस्थ होते. "ताई, तुम्ही मदतीले म्हणून तिच्यासोबत जाऊ शकता. एक फॉर्म भरा लागते फक्त."

मी पेन हातात घेतला. लेक खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मतदान गुप्त असते. आई इथे थांबेल."

मागे कोणीतरी हसलं. केंद्राध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "जा बेटा, आरामात कर."

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. टेबलाखालून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. टाचा वर उचललेल्या. लक्ष लागलं की ती तशीच उभी राहते. वेळ जात होता. मशीन वाजत नव्हतं. "काहून एवढा टाइम लागून राहिला?" मागचा माणूस म्हणाला. मी एक पाऊल पुढे टाकलं. केंद्राध्यक्षांनी माझ्याकडे बघून तळहात वर केला. मी थांबले. सव्वीस वर्षांत असं थांबायची मला सवयच नव्हती.

मग मशीन वाजलं. लांब, कर्कश. तिच्या चपला हलल्या नाहीत. आवाज थांबला, तरी ती आतच. शेजारच्या यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी दिसून खाली पडली का, हे नीट बघायचं असं पत्रकात लिहिलेलं होतं. मग ती बाहेर आली. दोन्ही हात कानांवर, हनुवटी वर.

"सगळी नावं वाचली," तिनं केंद्राध्यक्षांना सांगितलं. "वरपासून खालपर्यंत. मग दाबलं."

"असंच करा लागते," ते म्हणाले. "कोणी करत नाही."

माझी पाळी आली. इतकी वर्षं मी आत जाऊन बटण दाबून दोन क्षणांत बाहेर यायची. त्या दिवशी मीही पहिल्यांदा सगळी नावं वाचली.

फाटकाबाहेर बाबांनी विचारलं, "कोणाले देलं वं?"

"गुप्त आहे."

"अवं, मी बाप होय तुहा!"

"बाबांनाही गुप्त असते."

येताना आम्ही तर्री-पोहे खायला थांबलो. धाकट्यानं तिला आमिष दाखवलं, नाव सांग आणि माझी प्लेट घे. तिनं स्वतःच्या पैशांनी दुसरी प्लेट मागवली. संध्याकाळी आत्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी बचत गटातल्या बायकांनी तिला घेरलं. ज्या मुलीच्या पोटात कधी काही राहिलं नाही, तिच्याकडून सगळ्यांना तेच उत्तर मिळालं.

मला खात्री होती, मला सांगेल. तीन-चार दिवसांनी तिच्या केसांना तेल लावताना मी हळूच म्हटलं, "मले तरी सांग. मी कोणाले नाही सांगणार."

तिनं विचार केला. "तू सांगशील. तू आत्याला सगळं सांगतेस." आणि जरा वेळानं, "तुला पण गुप्त आहे."

माझे हात तिच्या केसांत तसेच थांबले. तिची पाळी कधी आली, वजन किती, रात्री किती वेळा उठली, कोणत्या शब्दावर रडली, हे सगळं सव्वीस वर्षं मी टेबलापलीकडच्या अनोळखी माणसांना सांगत आले होते आणि ते लिहून घेत आले होते. एकट्या तिलाच ठाऊक आहे अशी गोष्ट तिच्याकडे कधी नव्हतीच. आता एक होती, आणि ती तिनं माझ्यापासूनही राखली. वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण मी वेणी घालता घालता एकटीच हसत होते. वेणी बहुतेक घट्ट झाली, कारण ती म्हणाली, "दुखते आहे."

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं टीव्ही कमी आणि तिचा चेहरा जास्त बघत होतो. ती टरबूज खात होती, बिया वेगळ्या काढून. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी धाकट्यानं नाद सोडला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. तिची चिडचिड वाढली होती, गोळी वाढवावी का, हे मला विचारायचं होतं. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, "कशी आहे? झोप? चिडचिड?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "डॉक्टर, तिलेच विचारा."

त्यांनी खुर्ची वळवली. लेकीनं बराच वेळ घेतला. मला बोलायची फार घाई झाली होती, पण मी पिशवीचे बंद धरून बसले.

"झोप चांगली आहे," ती म्हणाली. "चिडचिड आहे. बाजूच्या घरी सकाळी फरशी कापतात. मी तेव्हा घरी असते."

ती फरशी मी रोज ऐकत होते आणि दोन गोष्टी एकमेकींना जोडणं मला जमलं नव्हतं. गोळी वाढली नाही. काम संपेपर्यंत बचत गटातल्या बायकांनी तिला सकाळीच येऊ दिलं.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तिनं माझ्या पिशवीतल्या जाड फाइलकडे बोट केलं. "यात माझ्याबद्दल लिहिलं आहे?"

"हो."

"मग ही माझ्याकडे राहील."

मी दिली. ती जिन्यातच उभी राहिली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. चढणारे-उतरणारे लोक तिला वळसा घालून जात होते. मी एक पायरी खाली उभी राहिले आणि तिचं वाचून व्हायची वाट बघत राहिले.