मधल्या खोलीतलं पेव

जेवण झाल्यावर मी पडवीतल्या बाजेवर आडवी होते. आत निवृत्ती गवंडी मधल्या खोलीची फरशी उखडतोय. घर सासऱ्यांचं. त्यांना जाऊन वर्ष झालं आणि मी टाइल्स बसवायला काढल्या. घरभर शहाबादीखाली घट्ट मुरूम, पण मधल्या खोलीत भलीमोठी शिळा निघाली. पहार आपटली तर आवाज पोकळ.

"पेव हाय वहिनी, जमिनीतलं जुनं धान्याचं कोठार," निवृत्ती म्हणाला. "शिळा सरकवतो आन् आत उतरून बघतो. भरायला मुरूम किती लागंल ते कळाय पायजे."

बघा, म्हटलं. ठोके ऐकता ऐकता डोळा लागतो.

ठोके आता पहारीचे नाहीत, काठीचे आहेत. मामंजी मधल्या खोलीत उभे राहून काठी आपटतायत. शेवटची दोन वर्षं त्यांची वाचा गेली होती, तेव्हाही हेच करायचे, नेमके याच जागी. मी चहा आणून द्यायची. तो नको असायचा. मग मी करवादायची.

"चहा ठेवते," मी आताही म्हणते.

"नगं." आवाज पूर्वीचाच, खर्जातला.

"आधीच बोलला असतात तर केवढा चहा वाचला असता."

ते हसत नाहीत. "चल," म्हणतात.

उंबरा ओलांडतो तो हळदीच्या पेठेत. दुकानं उघडी आहेत, गाद्यांवर माणूस नाही, हळदीला वास नाही. पुढचं पाऊल नदीच्या घाटावर पडतं. नदी नाही. पायऱ्या खाली खाली जातात, घाट अरुंद होत गोल होतो आणि भिंतींना पेवात लावतात तसं उसाचं पाचट लागतं. तळाशी कोणीतरी उताणं पडलंय. निवृत्ती. डोळे उघडे.

"झोपलाय का हो?"

"न्हाई. कंदील सोडला न्हाई त्यानं."

मला थंडी वाजते. "कसला कंदील?"

"पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा. इझला तर मानसानं उतरायचं न्हाई. आतली कोंडलेली हवा जीव घेती." ते माझ्याकडे बघतात. "दोन वर्सं त्येच सांगत हुतो. तू च्या आणलास."

मला रडू फुटतं. "मला कळलं नाही, मामंजी. उलट तुमच्यावरच ओरडले."

"आता कळलं न्हवं?" ते माझ्या हातात कंदील देतात. कडी गरम आहे. "जा. ठोकं थांबलं बघ."

ठोके खरंच थांबलेत. मी बाजेवरून उठते ती धावतच. शिळा बाजूला झालीय. निवृत्ती काठावर बसलाय, दोन्ही पाय आत सोडून. मी त्याची बंडी धरून मागे ओढते.

"वहिनी, आवो काय झालं?"

मी बादलीत मेणबत्ती पेटवून उभी करते आणि त्याला दोरीनं आत सोडायला लावते. दोन हात खाली जाते आणि विझते. निवृत्ती ती वर घेतो, पेटवून पुन्हा सोडतो. पुन्हा विझते. मग तो भिंतीला टेकून बसतो.

"तुमास्नी कुनी सांगितलं?" शेवटी विचारतो.

मी उत्तर देणार, तेवढ्यात माझं लक्ष उजव्या तळव्याकडे जातं. त्यावर कडीएवढी काजळीची रेघ आहे, अजून कोमट. घरात कंदील नाही. मामंजी गेले त्याच महिन्यात मी तो भंगारात दिला होता.