बढतीआधी वाटलेली सुकेळी

"बाबा, मन लावून काम केलं की बढती मिळतेच ना?" लेकीने विचारलं, की मला सुकेळी आठवतात.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि एक खडखडणारं जुनं मशीन. ते माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. घरी माझं कुणीच ऐकत नसल्यामुळे मला त्याचं भारी कौतुक. गरम प्लास्टिकचा तो वास शर्टाला चिकटून घरापर्यंत यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमचे सुपरवायझर नोकरी सोडून कोकणात गेले. त्यांची खुर्ची आता माझीच, हे मी ठरवूनच टाकलं. बायकोचं माहेर आगाशीचं. त्यांच्याकडे आनंदाच्या बातमीला पेढ्यांऐवजी घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी वाटतात.

"अहो, नाव तर जाहीर होऊ द्या!"

"तेवढंच राहिलंय गं," म्हणत मी अख्ख्या गाळ्यात सुकेळी वाटली. शेठनी दोन खाल्ली, बोटं पुसली आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली, "हे आपले नवे सुपरवायझर!"

मी केबिनमध्ये गेलो. "शेठ, माझं काय चुकलं?"

"काहीच नाही रे. पण तुला खुर्चीत बसवलं तर मशीन कोण चालवणार?" आणि त्यांनी तिसरं सुकेळं उचललं.

घरी बायकोने हसू दाबलं. "फार चांगलं काम केलंत, म्हणून तिथेच अडकलात. आता दुसऱ्या कुणाला तरी शिकवा."

शिकवलं. पॅकिंगला गास गावच्या एक बाई होत्या. मला वाटलं, वर्ष तरी लागेल. दिवाळीआधीच त्या मशीन चालवायला लागल्या. वर म्हणतात, "दादा, यात अवघड काय होतं?"

पुढे भाच्याचं मन गाळ्यात रमेना. तो गेला आणि खुर्ची मला मिळाली. मशीन बाईंकडे आलं, पगार मात्र पॅकिंगचाच राहिला. मी पुन्हा केबिनमध्ये गेलो. "शेठ, बाई सोडून गेल्या तर मशीन कोण चालवणार?"

शेठनी स्वतःचंच वाक्य ओळखलं असावं. पगार वाढवला, कुरकुरत.

आता त्या गाळ्यात टाइल्सचं दुकान आहे. तिथून जाताना मशीनची ती खडखड अजून कानात घुमते. आणि बाई आठवतात. त्यांनीही सुकेळी वाटली होती, पण वाढलेला पगार हातात पडल्यावर.