चौथा भाग की दुसरा

वाटाड्याच्या त्या व्हिडिओ गेमचे आजवर सहा भाग निघाले, आणि त्यातला चौथा सगळ्यात भारी हे पटवून देण्यासाठी मी इंटरनेटवर अनोळखी माणसांशी इतकं भांडले आहे की तेवढ्या वेळात एखादी डिग्री पदरात पडली असती. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दिवसभर गेज लावून पार्ट पास की फेल ते ठरवायचं. ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही.

प्रत्येक भागात राज्य वेगळं आणि हरवलेली गोष्टही वेगळी. पहिल्यात कुणीतरी विस्तव पळवलेला असतो, दुसऱ्यात वारा, तिसऱ्यात समुद्र, चौथ्यात अख्खं शहरच जमिनीखाली गेलेलं असतं. आपल्या वाटाड्याने जायचं आणि ते परत आणायचं. चौथ्याचं कौतुक सुरू झालं की मला आवरणं कठीण. त्या शहरात शिरल्यावर कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज येतो, आणि त्या आवाजामागे गेलं की जिना सापडतो. पाटी नाही, बाण नाही. कोडी अशी की सुटली तर आपण हुशार वाटतो आणि नाही सुटली तरी गेमचा राग येत नाही. पाचवा नि सहावा दिसायला देखणे, पण दर चार पावलांवर कुणीतरी येऊन पुढे काय करायचं ते सांगतं. तेवढ्यासाठी मला घरात आई आहे.

पहिल्या भागाला मात्र मी नाक मुरडायची. तो फार जुना, चित्रं ठोकळ्यांची, आणि नजर एका जागी ठोकून बसवलेली. गेमवाले दाखवतील तेवढंच बघायचं. दुसरा त्यामानाने बरा, पण त्यात नुसते रस्ते. माझं म्हणणं असं की रस्ताच बघायचा असेल तर गेम कशाला, एसटीत बसावं.

एसटी आमच्या घरातलीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हर होते. आमचं मूळ गाव अकोले तालुक्यातल्या डोंगरात, आणि नोकरीचा बराच काळ त्यांनी तिकडच्याच घाटांत गाडी चालवली. रिटायर होऊन घरी बसले आणि वर्षाच्या आतच अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, काठी घेऊन चालायलाही लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो अण्णांनी पहिल्याच दिवशी डाव्या हाताने कॉटखाली भिरकावला.

"मी काय बारकं पोर हाय व्हय?" म्हणाले.

आईने समजावलं, मी चिडले, शेजाऱ्यांनी बऱ्या झालेल्या पेशंटांच्या गोष्टी सांगितल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मॅडमनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे आहेत, आत्ता त्यांनी हात वापरायचा प्रयत्नच केला नाही तर पुढे तो वळेल याची खात्री नाही. मी घाबरले. हाताची काळजी होतीच, पण त्याहून जास्त भीती मला त्या माणसाची वाटत होती, जो आताशा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला होता.

एका सुट्टीच्या दिवशी मी दुसरा भाग उगाच पुन्हा लावला होता. वाटाड्या घोड्यावर बसून डोंगर उतरत होता. मागून कॉटवरून आवाज आला, "हळू घे की."

मी वळून बघितलं. अण्णांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

"वळनावर आसं दामटत्यात व्हय? म्होरून गाडी आली म्हंजी?"

"अण्णा, घोडा आहे तो. गाड्या नाहीत इथे."

"मग म्होरून घोडा आला म्हंजी?"

मी त्यांच्या डाव्या हातात गेमचा रिमोट दिला आणि टीव्हीवर पहिला भाग लावला. कारण साधं होतं. या गेममध्ये डाव्या अंगठ्याखालच्या दांडीने चालायचं असतं आणि उजव्या अंगठ्याखालच्या दांडीने नजर फिरवायची असते. पहिल्या भागात नजर फिरतच नाही, त्यामुळे एका हातावर भागतं. तलवारीचं बटणही मी सेटिंगमध्ये जाऊन डाव्या बोटाखाली आणून दिलं.

वाटाड्या जागचा हलेना. मला वाटलं दांडी सापडत नसेल. तसं नव्हतं. अण्णा म्हणाले, "डबल दे." एसटीत कंडक्टरने दोरी दोनदा ओढली, की डबल बेल होते आणि गाडी निघते. एक बेल झाली की थांबते. आयुष्यभर या माणसाने डबल मिळाल्याशिवाय गाडी हलवली नव्हती आणि आता वाटाड्याच्या बाबतीतही तो सूट द्यायला तयार नव्हता. मी चमच्याने पेल्यावर दोनदा वाजवलं. वाटाड्या निघाला. मग प्रत्येक दाराशी, प्रत्येक पुलाशी हेच चाललं.

पहिल्या भागाच्या शेवटी विस्तवाची राखण करणारा राक्षस येतो. नेमका तेव्हाच गॅसचा टेम्पो आला म्हणून मी फाटकाशी गेले. परत येऊन बघते तर राक्षस वाटाड्याला बदडतोय, वाटाड्या मरतोय, पुन्हा जिवंत होऊन पुन्हा मार खातोय, आणि अण्णा ताठ बसून शांतपणे समोर बघतायत.

"अण्णा, पळा की! मारा त्याला!"

"डबल कुठं दिलीस तू?"

मी हसून हसून जमिनीवर बसले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमच्या वरातीची गाडी ह्यांनी चालवली आस्ती ना, तर आमी आजून मांडवातच आस्तो." अण्णाही हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते, आणि हसताना तोंड थोडं एका बाजूला जात होतं त्याची त्यांना लाज वाटली नाही.

त्यानंतर मी कामावर असताना कंडक्टरकी आईकडे गेली. ती मेथी निवडता निवडता टीव्हीकडे न बघता मनाला येईल तेव्हा वाटी वाजवायची. असल्या बेभरवशाच्या बेलवर अण्णांनी राक्षस पाडला आणि विस्तव घेऊन आले. मी घरी आले तेव्हा चपला काढायच्या आत सगळी लढाई ऐकावी लागली. पहिल्या भागाबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं. तो भाग घाई करत नाही. चुकलं तर टोमणा मारत नाही, जिथे पडलो तिथेच उभं करतो. तो बनवणाऱ्यांनी एका हाताच्या ड्रायव्हरचा विचार केला नसणार, पण त्यांच्या हातून त्याच्यासाठी जागा राहून गेली होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मग दुसरा भाग. इथे उजव्या अंगठ्यावाचून इलाज नाही. मी युक्ती केली. अण्णांचा उजवा हात उचलून रिमोटवर ठेवायचा, अंगठा दांडीवर टेकवायचा आणि त्यावर माझा अंगठा. चालणार ते, बघणार मी. त्यावरून आमची रोज जुंपायची, कारण मी खजिन्याच्या पेट्या शोधत बसायची आणि त्यांना रस्ता दिसायला हवा असायचा.

"रस्त्याव बघ! कुनीकडं बघती?"

बघावं लागलं म्हणून मी तो रस्ता पहिल्यांदा बघितला. उतार जिथे अवघड, तिथे रस्ता लांबून वळसा घेतो. चढ संपतो तिथे आड असतो, म्हणजे दमलेल्याला पाणी मिळावं. गाव दिसायच्या आधी धूर दिसतो. अण्णा म्हणाले, "हे बनवनारा लई चाललेला मानूस हाय." मला हे सगळं रिकामं वाटत आलं होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. माझा लाडका चौथा भाग लावून दाखवला. ठिबकणारं पाणी ऐकवलं. अण्णांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "आंधारात काय बघायचं? मानसं कुठं हायत?" मला खरंच राग आला. चौथ्याला कुणी माझ्या तोंडावर असं बोललं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि जेवताना त्यांनी आईमार्फत कळवलं की भाग चांगलाच आहे, पण दुसऱ्याची सर नाही.

एकदा पास केलेला पार्ट पुन्हा फेल करणं मला जमत नाही. तरी माझ्या लेखी चौथा एक पायरी खाली उतरला तो दुसऱ्या भागातल्या वाऱ्याच्या खिंडीत. तोवरच्या सगळ्या खेळात गवताचं पातं हललेलं नसतं. खिंडीतला दगड बाजूला झाला की वारा सुटतो आणि डोंगरच्या डोंगर गवत एकदम वाकतं. मी आजवर तिथे कधी थांबले नव्हते. वारा सुटला की खाली पळायचं, बक्षीस घ्यायचं, संपलं. सवयीने माझा अंगठा खालच्या वाटेकडे नजर वळवायला लागला.

"हात काढ," अण्णा म्हणाले.

मी काढला. त्यांचा अंगठा एकटाच दांडीवर राहिला. टीव्हीवर गवत हलत होतं, नजर तिथेच होती. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मी मदतीला हात पुढे केला आणि त्यांनी न बघता मान हलवली. मला ते बघवत नव्हतं. मला तो चेंडू आठवला, मॅडमचं बोलणं आठवलं, आणि मी देवाला नाही, त्या गेमलाच मनात विनवलं की आता ह्यांना तेवढं दे.

चित्र थरथरलं. मग नजर हळूहळू वर सरकायला लागली. डोंगराचा माथा खाली गेला, आभाळ आलं, आणि नुसतं आभाळच राहिलं. अंगठा पुढे गेला होता, मागे येत नव्हता. वाटाड्या दिसेना, वाट दिसेना. ढग मात्र चालले होते, वरचे एकीकडे आणि खालचे दुसरीकडे. इतक्यांदा हा भाग संपवून मी वर कधी बघितलंच नव्हतं. कुणीतरी बसून ते ढग केले होते, कुणी बघेल न बघेल याची पर्वा न करता. मी रडले आणि डोळे पुसायचीही घाई केली नाही.

आई चहा घेऊन आली आणि टीव्हीसमोर थबकली. "बिगाडला का काय ह्यो? नुसतं आभाळच दिसतंय. कुनी केलं आसं?"

मी तोंड उघडणार होते.

"म्या," अण्णा म्हणाले. आईला ऐकू गेलं होतं, तरी तिच्याकडे वळून त्यांनी पुन्हा सांगितलं, "म्या केलं."