शमीमच्या नावावर प्यायलेला चहा

लग्नानंतर सासरी मला आयता चहा एकदाच मिळाला, आणि तोही मी दुसऱ्या बाईच्या नावावर प्यायले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बनारसमध्ये कर्फ्यू लागून उठला होता, आणि आमच्या शाळेच्या बड्या बहेनजींना (म्हणजे मुख्याध्यापिकांना) सद्भावाचा झटका आला होता. हुकूम निघाला: सगळ्या शिक्षिकांनी एक दिवस हिजाब घालायचा आणि तसंच घरी जायचं. समाजाने पाहिलं पाहिजे! मुलींकडून सद्भावगीत बसवून घेताना ओरडून ओरडून माझा घसा आधीच बसला होता. तोंड उघडलं की नुसती हवा यायची.

गणिताच्या शमीमने आपला जादा काळा झगा मला दिला, डोक्याला हिजाब बांधला आणि चार टाचण्या मारल्या. मंगळसूत्र आत गेलं. टिकली घामाने केव्हाच पडली होती.

"एक दिन पहनकर क्या समझोगी, सुधा?" तिने विचारलं.

"तुम्हारी तकलीफ," मी खरखरले.

"तकलीफ कपड़े से नहीं है. लोग घर नहीं बुलाते, उससे है."

मी खाली पाहिलं. सहा वर्षांत मीही तिला रामघाटावरच्या आमच्या मराठी घरी बोलावलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, सासूबाई फार सोवळ्याच्या. सासूबाईंनी तिची चौकशी केली की मी सांगायचे, ती माणसं आपल्याकडचं पाणीही पीत नाहीत. दोन्ही थापा! कुणी काही वावगं बोललं तर निस्तरणार कोण, याची मला भीती वाटायची. शिवाय मी इतकी दमलेली असायचे की थाप स्वस्त पडायची.

संध्याकाळी आमच्या गल्लीत शिरले, तर समाज मदतीला धावला. रोज मला दूध घालणारा दूधवाला अदबीने नजर खाली ठेवून म्हणाला, "रस्ता भुला गइलीं का, बहिनजी? दालमंडी ओहर हौ!" (दालमंडी म्हणजे तिकडची मुसलमान वस्ती.)

"मेरा घर..." हवा!

त्या भल्या माणसाने कॅन खाली ठेवला आणि मला माझ्याच दारावरून पुढे नेऊन चौकापर्यंत सोडलं. मी परत आले. आता पानवाल्याने सोडलं! तिसऱ्या खेपेला मी भिंतीला चिकटून, चोरासारखी, स्वतःच्या घरात घुसले.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा लावून त्या बैठकीत बसल्या होत्या; दिसायचं ते सगळं धूसरच.

"कौन? शमीम बहेनजी ना? आइए, आइए! सुधा अजून आली नाही... मतलब, नहीं आयी."

मी तोंड उघडलं. हवा आली. आणि मग, खरं सांगते, समोर खुर्ची दिसली. मी बसले.

त्या चाचपडत आत गेल्या. आलं घातलेला चहा आला, तोही फुलाफुलांच्या कपात! (ते कप मला धुवायलासुद्धा मिळत नाहीत.)

"छह साल से सुधा को बोलती हूँ, आपको ले आओ. बोलती है, आप लोग हमारे यहाँ पानी भी नहीं पीते."

मी घाईघाईने मोठा घोट घेतला. जीभ पोळली.

"पीती तो हैं!" सासूबाई हरखल्या. "सुधा मन की अच्छी है, पण आळशी. घर में कोई आने वाला हो, तो तिच्या कपाळाला आठी!"

आता टाचण्या उपटून खरं काय ते दाखवावं म्हणून मी उठले. त्यांना वाटलं, पाहुणी निघाली. त्यांनी देवघरातून अत्तरदाणी आणली.

"कुंकू तो आप लोगों में नहीं लगाते ना? पर अत्तर चलता होगा?"

आणि हळदीकुंकवाला लावतात तसं माझ्या हाताला हलकेच अत्तर लावलं. मला रडू आलं. या बाईला मी सहा वर्षं कर्मठ ठरवलं होतं! फार लाज वाटली.

"इतवार को खाने पर आइए. पुरणपोळी करूँगी. सुधा को मत बताना, कुछ बहाना निकालेगी."

मी मान डोलावली आणि स्वतःच्या घरातून निरोप घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी शमीमला सगळं सांगितलं, दोन्ही थापांसकट. ती बराच वेळ वह्या तपासत राहिली. "झूठ तुम बोलती रहीं, और कोसती मैं उन बेचारी को रही," ती म्हणाली. संपलं, मला वाटलं. सहा वर्षांची मैत्रीण गेली. तिने आणखी दोन वह्या तपासल्या आणि पेनाला टोपण लावलं.

"इतवार को कितने बजे?"

रविवारी त्या दोघी शेजारी शेजारी जेवायला बसल्या. पोळ्या अर्थातच मी लाटत होते.

"उस दिन बताया था ना आपको," सासूबाई म्हणाल्या, "सुधा कितनी आळशी है?"

शमीमने माझ्याकडे पाहिलं. माझं लाटणं थांबलं.

"जी, बताया था," ती शांतपणे म्हणाली. "और झूठी भी है."

"बिल्कुल!" सासूबाईंनी तिच्या पानात तूप ओतलं.

शहरात त्या वर्षी सद्भाव किती वाढला, ठाऊक नाही. आमच्या घरात मात्र दोन्ही धर्मांचं पूर्ण एकमत झालं. माझ्याविषयी!