आत्याच्या आरतीसाठी एक पेडल

नवरात्र तोंडावर आलं तरी पेडल चालेना, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसभर कडकोळच्या कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायचे आणि विजयनगरला घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता बाबांचा जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर उघडून बसायचं. बाबा तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते गेल्यापासून तो कपाटावर पडून होता.

घाई आत्यासाठी होती. आमच्याकडे देवीची आरती तीच म्हणते, आणि म्हणता म्हणता तिचा सूर वर चढतो. बाबा एका हाताने वाजवत आणि दुसऱ्याने सूर जुळवायचा नॉब फिरवत तिच्या मागे जात. गेल्या वर्षी मी नवा डिजिटल कीबोर्ड आणला. त्याचा सूर जागचा हलेना, आत्या थांबेना, आणि भाचरं फिदीफिदी हसली.

"यंदा मी नाही म्हणत, बिडू, सोडून दे," आत्याने सांगून टाकलं. "मोबाईलवर लाव आरती. साकु, पुरे झालं."

मोबाईलवर आरती या कल्पनेनेच माझं डोकं फिरलं.

जुन्या यंत्राचं बळ असं, की त्यात सूर कुठेच पक्का बांधलेला नसतो. विजेचा दाब जरासा वाढवला की तो वर सरकतो, पायऱ्या न घेता, माणसाच्या गळ्यासारखा. यंत्र तापलं तरी सरकतो. तेवढं मला चालणार होतं. मी पट्ट्यांखालची गंजलेली टोकं घासली, मागच्या बाजूला भोक पाडून पेडल जोडलं. पाय दाबला की सूर चढेल आणि डावा हात आवाज मऊ-टोकदार करायला मोकळा राहील. शेवटी एकदाचं ते चाललं. बाबांना जे सुचलं नाही ते आपण केलं म्हणून मी जरा शेफारलेही.

"तू जाशील तिथे हे येईल," मी आत्याला म्हटलं.

"बघते. स्वल्प पाणी दे आधी."

अष्टमीला ती उभी राहिली. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्याला मी पाय तयार ठेवला, पण आत्याचा सूर चढला नाही. तो उतरायला लागला. माझं पेडल फक्त वर नेणारं होतं. आत्याचा आवाज कधी खाली येईल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

भाचरं एकमेकांकडे बघू लागली. आत्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. आता ही थांबणार, असं मला वाटलं. मी पाय काढून घेतला, डावा हात बाबांच्या त्या नॉबवर नेला आणि हळूहळू खाली फिरवत गेले. कडव्यामागून कडवं ती उतरत होती, मी तिच्या मागे. शेवटची ओळ तर तिने जवळजवळ बोलूनच दाखवली. कुणी हसलं नाही.

प्रसाद हातावर ठेवताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी सूर अजून खालून धर, पोरी."

मी मान हलवली.