चिंचेच्या अर्जातला माझा शब्द

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आईपाशी नाही, छापखान्यातल्या जोडीदारांपाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी बोलायलाच हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. सभेत उभा राहिलो की मी दुसऱ्यांची पापं आवाज चढवून सांगतो, टेबलावर मूठ आपटतो. आज आवाज चढवायचा नाही. तुम्ही जरा जवळ बसा, एवढंच.

मी कोल्हापुरात एका छापखान्यात खिळे जुळवतो – म्हणजे शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळीत लावतो – आणि त्याच खिळ्यांनी स्वतःची पत्रकं छापून पेठापेठांतून वाटतो. महाराजांच्या राज्यात गोरगरिबांच्या पोरांना शाळा मिळाल्या, वसतिगृहं मिळाली, कचेरीत बसायला जागा मिळू लागली. पण जी माणसं तोवर म्हातारी झाली, त्यांचं काय? ज्यांना अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग दिसते, त्यांचा अंगठा जो येतो तो उठवून घेतो! माझं पहिलं गाजलेलं पत्रक त्यावरच होतं. मथळा जाड ठशात: 'वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.' आणि शेवटची ओळ: 'ही लबाडी समूळ नष्ट झाली पाहिजे.' समूळ. हा माझा लाडका शब्द. तो नाही असं माझं एकही पत्रक नव्हतं. तो आला की वाक्य कसं – खांबासारखं उभं राहतं.

ते पत्रक मी लिहिलं तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आज सव्वीस.

आमच्या घराला लागून दस्तगीरचाचांचं घर. चाचा पिंजारी. दोघांच्या परसाला मागून एकच दगडी गडगा, आणि गडग्यापलीकडं सरकारी पडजागा. त्या जागेत चिंच. बुंधा सरकारचा, सावली आमची. उन्हाळाभर चाचा त्या सावलीत कमान टांगून कापूस पिंजत. कमानीच्या तांतीवर लाकडी मोगरी पडली की तांय्-तुंई, तांय्-तुंई असा आवाज निघायचा, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मी बाराखडी त्या आवाजावर घोकली आहे. कापूस उडून आमच्या घरात यायचा आणि आई गडग्यावरनं ओरडायची, "दस्तगीरभाऊ, आमटीत कापूस पडला वो आमच्या!"

"खावा की वैनी! आतनं गादी हुईल, मऊ मऊ झोपशीला!"

मला चाचा नावानं हाक मारत नसत. 'छापखाना' म्हणत. "काय रं छापखाना, आज कुणाला चेचलास?" – रोज संध्याकाळी, न चुकता. आज ही हाक ऐकायला मिळावी म्हणून मी काय देईन? जाऊ दे. ते विचारायचा हक्क मी घालवून बसलो आहे.

तर, फांद्या. चिंचेच्या दोन फांद्या गडगा ओलांडून थेट चाचांच्या परसावर आल्या होत्या. चिंचेचा पाला किती बारीक, तुम्हाला ठाऊकच आहे. वाऱ्याची झुळूक आली की तो भुरभुरत परसात पसरलेल्या पिंजलेल्या कापसात पडायचा. कितीही निवडला तरी संपत नसे. एका लग्नघरची गादी परत आली – नवरदेवाला रात्रभर टोचलं म्हणे. पेठेत आठवडाभर हसू. चाचाही हसले, पण मग माझ्याकडं आले. सरकारी झाड, परवानगीवाचून डहाळी मोडली तरी गुन्हा. अर्ज करायला हवा होता.

"ह्या दोन फांद्या तेवढ्या उतरून घ्या म्हणावं सरकारला," चाचा म्हणाले. "आन् ह्ये बी लिव्ह – झाडाला हात लावायचा न्हाय. पलीकडची सावली ऱ्हायली पायजे. तिच्याखाली माझं पोट हाय."

एवढं स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी. मला आजही शब्द न् शब्द पाठ आहे.

मी अर्ज मोडीत लिहिला. दोन फांद्यांचं लिहिलं, पाल्याचं लिहिलं, गरीब कारागिराच्या नुकसानीचं तर फारच झणझणीत लिहिलं. हात सुटला होता. आणि मग ते वाक्य आलं – झाडाला हात लावू नये. मला ते मिळमिळीत वाटलं. आधी तक्रार करायची आणि मग झाडाची गयावया करायची? अर्जाचा जोरच गेला असता! मी ते वाक्य लिहिलंच नाही. त्याच्या जागी लिहिलं: 'सबब सदरहू झाडाचा उपद्रव समूळ नाहीसा करण्याचा हुकूम व्हावा.'

समूळ.

चाचांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. "वाच बघू एकदा."

मला नेसरीला जायचं होतं. तिथं सभा होती, गाडी जुंपून तयार होती. मी म्हणालो, "वाचायचं काय त्यात, चाचा? तुम्ही सांगितलं तेच आहे."

त्यांनी अंगठा दिला. अंगठ्याला कापसाचा तंतू चिकटला होता, तो शाईबरोबर कागदावर उमटला. अर्ज कचेरीच्या वाटेला लागला आणि मी नेसरीला गेलो. तिथं भाषण कशावर केलं? तुम्ही ओळखलंच असेल. चावडीसमोर उभा राहून मी शेतकऱ्यांना सांगत होतो – बाबांनो, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. टाळ्या पडल्या. मला आवडल्या.

पुढं महिनाभर मी गडहिंग्लजकडच्या गावांतून हिंडत होतो. परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी वेगळं वाटलं. फार उजेड होता. परसात गेलो. गडग्यापलीकडं चिंच नव्हती. बुंधा नव्हता, मुळंसुद्धा खणून काढली होती – नुसता तांबड्या मातीचा खड्डा. चाचा भर उन्हात कमानीपाशी बसले होते. हात हलत नव्हता.

"छापखाना," ते म्हणाले, "आपुन काय लिवलंतं रं?"

तिथं सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "दोन फांद्याच लिहिल्या होत्या. कचेरीतल्या कारकुनानं घोळ घातला."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. यातच सगळं आलं – लगेच ठेवला.

इथं थांबलो असतो तर मी नुसता भेकड ठरलो असतो. पण मी थांबलो नाही. खोटं उभं राहावं म्हणून मी त्याच्यावर पत्रक छापलं. 'चिंचेचा खून!' जाड ठसा. 'अर्ज वाचता न येणाऱ्याला कचेरीत बसवले कोणी?' आणि तो कारकून कोण होता? ज्या घरात पिढ्यान् पिढ्यांत पहिल्यांदाच लेखणी आली, अशा घरातला तरुण. ज्यांना अशा जागा मिळाव्यात म्हणून आम्ही घसा कोरडा केला, त्यांच्यातलाच एक. त्यानं अर्ज बरोबर वाचला होता. अक्षर न् अक्षर बरोबर. समूळ म्हणजे मुळासकट, दुसरं काय? पण माझं पत्रक हातात घेऊन बाजारात आमचेच विरोधक खिदळले, "द्या अजून जागा असल्यांना!" त्याची लांबच्या पेट्याला, आडगावच्या कचेरीत बदली झाली. त्यानं कुठं तक्रार केली नाही. अर्ज दप्तरात होता. काढून माझ्या तोंडावर फेकू शकला असता. का फेकला नाही, ते मला ठाऊक नाही. विचारायला मी गेलो नाही.

उन्हात पिंजवेना, म्हणून चाचांनी पावसाळा सरेपर्यंत दार लावून आत पिंजून पाहिलं. बंद खोलीत कापसाचा धुरळा छातीत बसतो. खोकला लागला. दिवाळीच्या आधी लेक आली आणि त्यांना हुपरीला घेऊन गेली. कमान गाडीत मावेना, तेव्हा आईनं ती आमच्या माळ्यावर ठेवून घेतली.

मी हुपरीला एकदाच गेलो, दोन वर्षांनी. सबंध गल्लीत चांदीच्या पैंजणांवर कारागिरांच्या हातोड्या पडत होत्या, किण-किण-किण. चाचा ओट्यावर बसले होते, पार वाळलेले. मला बघून ओरडले, "आलास व्हय, छापखाना! आज कुणाला चेचलास?" आणि मी सांगायला गेलो होतो. शपथेवर सांगतो, सांगायलाच गेलो होतो.

जावयानं चाचांच्या कोल्हापूरच्या घराच्या हद्दीचा कसलासा कागद आणून ठेवला होता, चाचांच्या अंगठ्यासाठी. मी तो उचलला, मोठ्यानं वाचू लागलो. दुसऱ्या ओळीवर होतो तोवर चाचांनी शाईत अंगठा बुडवलाही.

"थांबा, चाचा, पुरता वाचू तर द्या."

"तू बघितलास न्हवं? मग झालं की."

अंगठा उठला. मग शाई धोतराला पुसत ते म्हणाले, "त्या कारकुनाला लई शिव्या दिल्या मी. आता वाटतं, गरिबाला धड वाचायला येत नसंल. कुणी शिकिवलं नसंल. तू एवढं लोकांस्नी शिकिवतोस – त्येला बी शिकीव की."

मी म्हणालो, "व्हय, चाचा."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. कमान माळ्यावर आहे. तांत सैल पडली आहे. मी एकदा बोट लावून पाहिलं, आवाज निघाला नाही.

माझं लिहायचं मेज मागच्या खिडकीशी आहे. दुपारी त्यावर ऊन येतं, थेट डोळ्यांवर, कागदावरचं अक्षर दिसेनासं होतं. चिंच होती तेव्हा येत नसे. मेज मी हलवलेलं नाही.