काकांच्या नाटकाचा राहिलेला शेवट

श्रीधरकाका गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दचकलात? दचका. पण शेवटपर्यंत वाचा.

आज वर्ष झालं.

इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावातल्या मराठी मंडळींना ते माहीत आहेतच. बाकीच्यांसाठी सांगते. काका मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचे. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, हे आयरिश नाटकं वाचायला लागले. शंभरेक वर्षांपूर्वीची, तीही पद्यातली.

"काका, त्यात असतं काय एवढं?" मी एकदा विचारलं.

"पूजा असते गं," ते म्हणाले. "पडदा नाही, सेट नाही. वादक येतात, गात गात एक कापड उलगडतात. त्याच्याआड मुखवटा घातलेला नट येऊन बसतो. शेवटी पुन्हा कापड धरायचं आणि घडी घालायची. घडी होईपर्यंत नट गेलेला असतो. तू गणपतीचं आवाहन करतेस, मग विसर्जन करतेस ना? तसंच!"

त्या धर्तीवर त्यांनी स्वतः एक मराठी नाटक लिहिलं. अर्ध्या तासाचं. मेलेला नावाडी आपल्या घरी येतो, बायकोशी बोलतो आणि परत जातो. नावाडी झाले काका. कापड म्हणजे त्यांच्या बायकोची, मंदाकाकूंची, निळी नऊवारी. ती धरायला मी आणि माझ्या ऑफिसमधला नीलेश.

दोन महिने दर रविवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये तालमी. "घाई नको. पावलं मोजून टाका," हे त्यांचं पालुपद.

आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि सगळी सूत्रं माझ्याकडे. मी वेळेची पक्की. कटकटी म्हणा हवं तर.

त्या दिवशी सगळंच पाऊण तास लेट झालेलं. शाळेचा हॉल तीनला रिकामा करून द्यायचा होता. केटररचे ट्रे येऊन पडलेले, पोरं भुकेने किरकिरत होती. नाटकातलं शेवटचं वाक्य झालं. राहिलं होतं फक्त कापड. पाच मिनिटं.

मी मनात म्हटलं, साडीची घडी कोण बघत बसणार आहे?

नीलेशला खुणेने थांबवलं, लाइट लावायला सांगितले आणि माइक घेतला.

"नाटक इथे संपलं! जेवणाची लाइन उजवीकडून!"

खुर्च्या सरकल्या, लोक उठले.

काका स्टेजवर बसलेलेच.

मुखवटा तसाच. जरासुद्धा हलले नाहीत. अख्खा हॉल पुऱ्या खात होता आणि नावाडी आपला तिथे बसून होता. शेवटी काकूंनी वर जाऊन मुखवटा काढला आणि त्यांना हाताला धरून खाली आणलं.

जाताना मला म्हणाले, "मॅनेजमेंट उत्तम होतं तुमचं."

तुमचं! पहिल्या भेटीपासून मला "अगं वैशाली" म्हणणारा माणूस.

पुढची तीन वर्षं तेच. ग्रोसरीत भेटले तरी "बऱ्या आहात ना?" आणि पुढे निघून जायचे. सुरुवातीला मीही फणकाऱ्यात होते, एवढं काय त्यात म्हणून. मग फणकारा गेला आणि नुसती लाज उरली. दोनदा सॉरी म्हणायला त्यांच्या ड्राइव्हवेपर्यंत गेले आणि गाडी वळवून परत आले.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. "ह्यांना घरी आणलंय गं. उपचार थांबवून हॉस्पिस सुरू केलंय, आता फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. तुला बोलावतायत. येताना ती साडी आण म्हणाले."

साडी माझ्याच क्लॉझेटमध्ये होती, मंडळाच्या सामानात.

फॅमिली रूममध्ये त्यांचा बेड लावला होता. काका अगदी एवढेसे झाले होते. मी बोलायच्या आधीच रडायला लागले.

"काका, सॉरी. मी फार चुकले."

"चुकलीसच," ते म्हणाले. "फार राग आला होता मला. मेलेल्या माणसाला बोलावून घेतलंत आणि परत पाठवायला कोणाला वेळ नाही!" त्यांना दम लागला. जरा थांबून म्हणाले, "आता पाठव."

नीलेश केव्हाच नोकरी बदलून लांब चँडलरला राहायला गेलेला. दुसरं टोक धरायला काकूच होत्या. त्यांनी मान हलवली.

"मी नाही. असलं अभद्र काही मला सांगू नका."

"मंदा, नाटक आहे."

"मला कळतं काय आहे ते."

 मग काकू उठल्या आणि त्यांनी टोक धरलं.

आम्ही बेडसमोर साडी आडवी ताणून धरली. पलीकडे काका बेडच्या दांड्यावर बोटांनी ताल धरत होते. मी सवयीने भराभर निघाले.

"हळू! जेवायला बसायचंय का तुला?"

काकूंना रडतारडता हसू फुटलं. मग आम्ही पावलं मोजून चाललो. टोकाला टोक लावलं, मागे गेलो, पुन्हा जवळ आलो. ताल मंद होत होत थांबला. शेवटची घडी काकूंच्या हातात आली.

काकांचे डोळे मिटलेले होते.

मी पुढे वाकले. "काका?"

त्यांनी एक डोळा उघडला. "आहे गं अजून. पण बरं वाटलं."

आणि झोपले. आठवडाभरात पहिल्यांदा असे गाढ झोपलेत, असं काकू म्हणाल्या. पाच दिवसांनी सकाळी, झोपेतच ते गेले.

फ्युनरल होममध्ये लोक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवत होते आणि मला ओशाळल्यासारखं होत होतं. काकू शेजारी येऊन बसल्या.

"तुला रडू येत नाहीये का गं?"

"नाही काकू. मला हलकं वाटतंय. वाईट नका वाटून घेऊ."

"वाईट कसलं," त्या हळूच म्हणाल्या. "माझंही तेच झालंय. म्हटलं, मी एकटीच अशी आहे की काय."

काका, उशीर केला मी, पण अगदीच हातचं गेलं नाही. आणखी एक आठवडा गाडी वळवत राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. तुम्हीच बोलावलंत म्हणून वाचले.

तुमची आठवण रोज येते. आता ती आली की मी मान खाली घालत नाही.

मनापासून श्रद्धांजली, श्रीधरकाका.